हवा भरा, ब्रेक सोडा! लाइनवर निघालेल्या नव्या ट्रकवाल्याची भन्नाट दुनिया

माहीत आहे का? टाकी फुल, इंजिन सुरू, गिअर पडलेला आणि तरी अख्खा ट्रक जागचा हलत नाही, असं सोलापूरच्या ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यांवर रोज पहाटे घडतं!

कारण? हवा! टायरमधली म्हणाल तर चुकलात. ही हवा ब्रेकची. मोठ्या ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्ये एक दणकट स्प्रिंग असते. ती चाकं आवळून धरते आणि टाकीतल्या हवेचा दाब तिला मागे रेटतो. रात्रभर उभ्या गाडीची हवा उतरली की सकाळी ब्रेक जाम. मग इंजिन चालू ठेवून काटा वर चढायची वाट बघायची. एअर ड्रायरमधून ‘फुस्स्’ असा जोरदार आवाज आला की समजायचं, हवा भरली. आता बटण सोडा, गाडी सोडा!

म्हणजे कारवाल्याचा हिशेब इथे पार उलटा. हवा आहे तर गाडी मोकळी, हवा नाही तर गाडी बांधलेली. ही अक्कल मुळात रेल्वेची. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने १८६९ मध्ये रेल्वेसाठी एअर ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १८७२ च्या सुधारित ब्रेकमध्ये तर कमालच केली: पाइप फुटून हवा गेली, तरी ब्रेक आपोआप लागलाच पाहिजे. आज सोलापूरच्या एमएच १३ पासिंगचा ट्रक पहाटे निघताना हाच धडा गिरवतो. नव्या गड्याचा पहिला क्लास, पहिला पीरियड!

नंबरात काय आहे? सगळंच!

एक कोडं. तुम्ही सोलापुरात उभे आहात, होकायंत्र नाही, मोबाइल बंद. समोर महामार्गाचा नंबर दिसतोय. रस्ता कुठून कुठे जातो, ओळखाल?

नवा ड्रायव्हर ओळखतो! पुणे–सोलापूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५, आणि धुळे–तुळजापूर–सोलापूर–विजयपूर हा ५२. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले तेव्हा साधा नियम ठरला. विषम नंबर म्हणजे पूर्व–पश्चिम, सम नंबर म्हणजे उत्तर–दक्षिण. ६५ विषम, म्हणून तो पुण्याहून थेट आंध्रात मछलीपट्टणमच्या समुद्राकडे. ५२ सम, म्हणून तो पंजाबातल्या संगरूरहून खाली कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत. सहा राज्यं, दोन हजारांहून जास्त किलोमीटर, आणि मध्ये आपलं सोलापूर!

अजून गंमत हवी? तीन आकडी नंबरात शेवटचे दोन आकडे म्हणजे चक्क आडनाव. रत्नागिरीहून कोल्हापूर–सांगलीमार्गे येणारा १६६ हा कोकणातल्या ६६ च्या घरातला. तुळजापूरहून नागपूरकडे जाणारा ३६१ हा ६१ च्या घरातला. आणि माउलींचा पालखी मार्ग? ९६५. तोही आपल्या ६५ च्याच कुटुंबातला!

जुने उस्ताद मात्र आजही हैदराबाद रोडला ‘नऊ नंबर’ म्हणतात. २०१० पूर्वीचा नंबर तोच होता. नव्या पोराने दोन्ही पाठ ठेवायचे, नाहीतर फोनवर पत्ता विचारताना घोळ ठरलेला.

१८ तासांत २५ किलोमीटर!

सोलापूर–विजयपूर रस्त्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये काय झालं, माहीत आहे का? चौपदरीकरण सुरू असताना एका लेनचं २५.५४ किलोमीटरचं डांबरीकरण फक्त १८ तासांत उरकलं! लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये याची नोंद होणार, असं खुद्द नितीन गडकरींनी जाहीर केलं होतं.

पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, अमरावती–अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली. तो थेट गिनीज विक्रम. त्याआधीचा मान कतारकडे होता. महाराष्ट्राने रस्त्यावरच रस्ता मारला!

वीस वर्षांचा झालास? ये!

कारचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं, पण मालवाहू ट्रक चालवायला कायद्याने किमान वय २०. त्यातही आधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन्स खिशात हवं, मग हेवीचं लर्निंग. हेवीच्या ट्रेनिंगचा नियम आहे किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर १५ तास. सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट सक्तीचं.

आणि शिक्षण? पूर्वी आठवी पास असल्याशिवाय व्यावसायिक लायसन्स मिळत नसे. ती अट २०१९ मध्ये काढून टाकली. शाळा सुटलेल्या, पण गाडी हातात बसलेल्या किती तरी पोरांसाठी रस्ता मोकळा झाला!

अजून एक गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. म्हणजे छोट्या टेम्पोवर हात साफ करा, मग दहा चाकीकडे वळा. दहा चाकीचं प्रकरणच वेगळं: माल धरून २८.५ टन! २०१८ पर्यंत ही मर्यादा २५ टन होती.

पण खरं विद्यापीठ आरटीओत नसतं. ते असतं क्लीनरच्या सीटवर. इथे पोरगा आधी ‘किन्नर’ म्हणून चढतो. काच पुसतो, पाणी बघतो, टॉमी मारून टायर ठोकून बघतो. आवाज टणक आला तर हवा बरोबर, बद्द आला तर आतला टायर बसलाय. मागच्या बाजूला जोडीने टायर असतात, त्यामुळे आतला पंक्चर झाला तरी बाहेरून पत्ता लागत नाही. तिथे डोळ्यापेक्षा कान कामाला येतात!

आणि रिव्हर्स? अहाहा! ट्रक मागे घेताना क्लीनरची कॉमेंट्री ऐका कधी. “येऊ द्या, येऊ द्या… डायवर साइड कट मारा… सीधा… अजून दोन फूट… बस्स बस्स बस्स!” आणि फाळक्यावर धाडकन थाप. उस्तादाला मागचं काहीच दिसत नसतं. त्याचा सगळा भरवसा त्या पोराच्या आवाजावर. मोठमोठ्या कंपन्यांच्या टीमवर्कच्या सेमिनारमध्ये हा एक सीन दाखवावा, असं माझं ठाम मत आहे!

हल्ली पुष्कळ गाड्यांवर क्लीनर नसतो. खर्च वाचतो खरा, पण नवा ड्रायव्हर एकटा पडतो. गाडी धुणं, ताडपत्री बांधणं, पावत्या सांभाळणं, रात्री डिझेलवर नजर ठेवणं, सगळं एकट्याने. पूर्वीचं चालतं-फिरतं गुरुकुल बंद पडत चाललंय आणि त्याची जागा घेईल असं काही अजून उभं राहिलेलं नाही. याची काळजी करायला हवी.

मर्सिडीज चालवणारे आजोबा

माहीत आहे का, एके काळी आपल्या रस्त्यांवर मर्सिडीजचे ट्रक धावत होते? १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. नाव ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’. करार १९६९ मध्ये संपला, मर्सिडीजचा तारा गेला आणि नुसतं ‘टाटा’ उरलं. तेव्हा आजोबा गावात “मी मर्सिडीज चालवायचो” म्हणाले, तर हसू नका. खरं सांगत असतील!

डबा नंबर वन

लांब पल्ल्यावर सगळ्यात मोठा प्रश्न: जेवायचं काय? सोलापूरच्या पोराकडे याचं जगात भारी उत्तर आहे. कडक भाकरी!

ज्वारी-बाजरीची पातळ थापलेली, भाजून पार पापडासारखी कडक केलेली. पाण्याचा अंश नाही, म्हणून बुरशी नाही. आठवडेच्या आठवडे टिकते. सोबत शेंगा चटणी, तीही कोरडी. फ्रिज नको, गॅस नको, प्लेटसुद्धा नको. हैदराबादला माल खाली व्हायला दोन दिवस लागले तरी पोट सोलापुरातच! दही मिळालं तर वर ओता, मिळालं नाही तर कांदा फोडा. एनर्जी बारला टक्कर देणारी आयडिया आपल्या आज्यांनी कधीच काढून ठेवली होती.

काही जण केबिनमध्येच स्वयंपाक करतात. झारखंडचे ट्रकचालक राजेश रवानी यांचं नाव ऐकलंय? ट्रकमध्ये मटण-भात शिजवतानाचे त्यांचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. २०२४ मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. स्टिअरिंगपण हातात, स्टारडमपण हातात!

आणि ढाब्याचा अलिखित नियम माहीत आहे का? जेवण केलंत तर खाट फुकट. आंघोळीला हौदाचं पाणीही फुकट. म्हणून नवा गडी ढाबा निवडताना मेनू नंतर बघतो, आधी बघतो पार्किंग, पाणी आणि राखण.

चादर आधी, डेस्टिनेशन नंतर

सोलापूरच्या ट्रकच्या केबिनमध्ये डोकावलात तर सीटमागच्या फळीवर काय दिसेल? बरोबर, सोलापुरी चादर! महाराष्ट्रातून जीआय मानांकन सर्वांत आधी मिळवणाऱ्या वस्तूंमध्ये हिचा नंबर. उन्हाळ्यात अंथरायची, थंडीत पांघरायची, दुपारी काचेला लावून पडदा करायचा. सोबत सोलापुरी टॉवेल खांद्यावर. घाम पुसा, हात पुसा, गरम रेडिएटरचं झाकण धरा. मागे हौद्यातही तोच माल भरलेला असतो. गाडी चादरींची, झोपही चादरीत!

कांदा थांबत नाही, ड्रायव्हर थांबतो

आता एक गोष्ट, जी नव्या ड्रायव्हरला कुणीच आधी सांगत नाही. ट्रक चालवण्याच्या कामात सर्वांत मोठं काम चालवणं नसतंच. वाट बघणं असतं!

भरायला वाट. काट्यावर वजनाला वाट. बिल्टीला वाट. मोठ्या शहरात दिवसा अवजड वाहनांना नो-एंट्री, म्हणून रात्र व्हायची वाट. पोचल्यावर हमाल मिळायची वाट. खाली झाल्यावर रिटर्न भाड्याची वाट. आणि गाडी उभी असली की पुष्कळ ठिकाणी भत्ताही उभाच! फेरीवर पैसे मिळणाऱ्याला थांबण्याचे पैसे कोण देणार? लाइनवरच्या नव्या पोरांचं मन घाटापेक्षा या रांगेत जास्त खचतं. घाटाला निदान शेवट असतो.

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या बाजार समितीत जाऊन बघा. कांद्याचा हंगाम ऐन भरात, शेकडो गाड्या, गोण्यांचे डोंगर, डोळ्यांत पाणी. कांद्याची गाडी बांधायची तऱ्हाही वेगळी. चादरी-टॉवेलची गाडी ताडपत्रीने गच्च झाकतात, पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. कांद्याला मात्र वारा लागतो. गच्च झाकला तर आत वाफ धरते, कोंब फुटतात, माल सडतो. म्हणून बाजू उघड्या ठेवायच्या आणि पावसाचं चिन्ह दिसलं की धावत ताडपत्री ओढायची. हौद्यावर उभं राहून, वाऱ्यात फडफडणारी ती जड ताडपत्री पायाखाली दाबत रस्सा आवळणं बघा एकदा. जिम लावायची गरज पडत नाही!

अजून एक फरक. दुसऱ्या राज्यात जाणारा माल ५० हजार रुपयांवर असेल तर ई-वे बिल लागतं. पण ताज्या भाजीला, म्हणजे आपल्या कांद्याला, ते लागत नाही. चादरीला लागतं. आणि हे बिल नुसता कागद नाही, घड्याळ आहे! २०० किलोमीटरला एक दिवस, असा हिशेब १ जानेवारी २०२१ पासून आहे. १,६०० किलोमीटर जायचंय? ८ दिवस. गाडी वाटेत बिघडली तरी घड्याळ चालूच, मुदत वाढवून घ्यावी लागते. आधी हा हिशेब १०० किलोमीटरला एक दिवस होता. रस्ते सुधारले, मुदत आखडली!

टोलनाक्यांचा पाढा

सोलापूरहून पुण्याला निघालात तर नाके म्हणा पाहू: सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस! हैदराबादकडे वळलात तर फुलवाडी, तलमोड. नव्या ड्रायव्हरला ही नावं शाळेतल्या कवितेसारखी पाठ होतात. घरून फोन आला की तो गावाचं नाव सांगत नाही. “वरवडे क्रॉस केलं, दोन-अडीच घंट्यात पोचतो,” एवढंच. घरचेही बरोबर समजतात!

तुमच्या कारच्या काचेवर जांभळा फास्टॅग असतो ना? आता शेजारच्या ट्रककडे बघा. चार ते सहा अ‍ॅक्सलच्या धिप्पाड गाडीच्या काचेवरचा टॅग असतो गुलाबी! फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि सुट्ट्या पैशांची भांडणं संपली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्यांच्या विक्रीकर नाक्यांवरच्या रांगाही गेल्या. जुने उस्ताद अशा नाक्यांवर काढलेल्या रात्रींच्या गोष्टी सांगतात तेव्हा नवी पोरं तोंडाचा आ करून ऐकतात.

ट्रक युरिया पितो!

हो, खरंच! १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक मोठ्या ट्रकला डिझेलशेजारी एक दुसरी छोटी टाकी आली. तिच्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध केलेलं पाणी. हे मिश्रण धुरात फवारलं जातं आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत होतं. लाइनवर सगळे त्याला सरळ ‘युरिया’च म्हणतात.

युरिया संपला तर? इंजिनचा दम गाडीतला कॉम्प्युटरच कमी करतो. म्हणून नव्या गड्याची सकाळची चेकिंग लिस्ट वाढली: हवा, पाणी, ऑइल, युरिया. आणि शेतातली गोणी त्यात ओतायची नाही बरं का, लाखोंची सिस्टिम बसते!

पारा ४० पार, केबिन त्याहून पार

सोलापूरचा उन्हाळा म्हणजे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडणारच. आता विचार करा: वर पत्र्याचं टप, समोर काच, आणि इंजिन कुठे? बहुतेक ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या बुडाखालीच! जुन्या गाड्यांत तर इंजिनचं बॉनेट केबिनच्या आतच असायचं. त्यावर ओला टॉवेल टाकला की पाच मिनिटांत खडखडीत.

म्हणून ही बातमी मोठी आहे. २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. लोकांच्या कारमध्ये एसी येऊन किती तरी वर्षं झाली, देशाचा माल वाहणाऱ्याला मात्र आत्ता गार हवा! उशिरा आली, पण आली. मात्र रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना हा नियम नाही आणि नव्या पोराच्या हातात मालक सहसा जुनी गाडीच देतो. त्याची गार हवा अजून खिडकीतूनच येते.

झोप: सर्वांत महाग माल

कुठल्या देशाचा नियम कडक, ओळखा. अमेरिकेत ट्रकचालकाला दिवसाला ११ तास गाडी चालवता येते. युरोपात ९, आठवड्यातून दोनदा १०. भारतात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने किती ठरवले? ८! शिवाय ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. कागदावर आपण सगळ्यांच्या पुढे!

रस्त्यावर मात्र पावत्या वेगळं बोलतात. युरोपात ट्रकमधलं यंत्रच ड्रायव्हरचे तास मोजतं, आपल्याकडे ते मोजतं मालकाचं घड्याळ.

आता जरा दचकवणारी गोष्ट. १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो, असं त्यात दिसलं. भारतात दारू पिऊन गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा? ०.०३ टक्के! म्हणजे एक थेंबही न घेता, नुसत्या जागरणाने माणूस मर्यादेबाहेर जातो. आणि जागरण पकडणारी फुंकणी अजून कुठल्याच नाक्यावर नाही.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. डोळा तीन सेकंद लागला तर २८ टनांची गाडी ६६ मीटर आंधळी धावते. चांगला उस्ताद म्हणून पहिल्याच फेरीत बजावतो, “पोरा, माल उशिरा पोचला तर शेठ ओरडंल. ओरडू दे. डोळा जड झाला की साइडला लाव.” नव्या ड्रायव्हरला मिळणारा याहून मोलाचा सल्ला नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी १,००० आधुनिक विश्रांतिगृहं उभारण्याची घोषणा केली. तेल कंपन्यांच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाच्या सोयीही आहेत: खाट, आंघोळ, स्वयंपाकाची जागा. प्रत्येक मोठ्या पंपावर ही सोय झाली पाहिजे, आणि लवकर!

भाषांचा फुल टँक

सोलापूरच्या पोराला लाइनवर एक मस्त बोनस मिळतो. घरी मराठी, गल्लीत कन्नड, पूर्व भागात विणकरांची तेलुगू, बाजारात दखनी. विजयपूरच्या मेकॅनिकशी कन्नडमध्ये घासाघीस, हैदराबादच्या हमालाशी तेलुगूत दोस्ती, इंदूरच्या दलालाशी हिंदीत हिशेब. चार भाषांत भांडता येणारा माणूस फसवायला अवघड!

बाई स्टिअरिंगवर? येस!

नंदुरबारमध्ये वाढलेल्या योगिता रघुवंशी यांचं नाव ऐकलंय? कॉमर्स आणि कायद्याची पदवी हातात असलेली ही बाई. पतीच्या निधनानंतर घर चालवायला ट्रक चालवू लागली आणि मग मध्य प्रदेशापासून दक्षिणेपर्यंतचे लांब पल्ले एकटीने मारले. २०१३ मध्ये महिंद्राने त्यांना कौतुकाने नवा ट्रक दिला. वकिलीचा कोट बाजूला आणि टॉप गिअर पुढे!

आता रेकॉर्ड्सचा रॅपिड फायर!

सर्वांत निवांत डिलिव्हरी: नाशिकहून तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राकडे एक अजस्र ऑटोक्लेव्ह निघालं जुलै २०१९ मध्ये. ७४ चाकांची गाडी. पोचली कधी? जुलै २०२० मध्ये! अख्खं वर्ष लागलं, वाटेत लॉकडाउनही झाला.

सर्वांत लांब वरात: ऑस्ट्रेलियातल्या क्लिफ्टनमध्ये २००६ साली एका ट्रकने शंभराहून जास्त ट्रेलर एकदम ओढले. लांबी जवळपास दीड किलोमीटर!

सर्वांत फास्ट: २०१४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या फॉर्म्युला वन ट्रॅकवर ट्रकची शर्यत झाली आणि पुढे २०१६ मध्ये त्याच ट्रॅकवर आपले हायवेवरचे ड्रायव्हरही उतरले. टोल नाही, गतिरोधक नाही, नुसता धुरळा!

सर्वांत गाजलेली बंदी: ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंद केलं. उगाच हॉर्न वाजवायला आमंत्रण नको म्हणून. तुळजाभवानी, सिद्धरामेश्वर आणि आई-वडिलांचा आशीर्वाद मात्र फाळक्यावर जागच्या जागी!

सर्वांत लाडाचा दिवस: खंडेनवमी-दसरा. गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून, स्टिअरिंगला कुंकू लावून पूजा. त्या दिवशी नवा ड्रायव्हर मित्रांना बोलावून केबिनमध्ये फोटो काढतो, आणि डीपी तोच वर्षभर.

सर्वांत कमी बोललं जाणारं: ट्रकच्या मागे लिहिलेल्या ‘रात्री डिपर वापरा’ या ओळीवरून २०१६ मध्ये टाटा मोटर्स आणि टीसीआय फाउंडेशनने चालकांसाठी ‘डिपर’ नावाचा कंडोमच आणला. महिनोन्‌महिने घराबाहेर राहणाऱ्या माणसांच्या आरोग्याचा विषय, आणि तो त्यांच्याच भाषेत पोचवला. शाब्बास!

दोन दिवस चाकं थांबली तेव्हा

१ आणि २ जानेवारी २०२४ आठवतात? महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. अपघातानंतर न कळवता निघून गेल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा, अशी तरतूद नव्या भारतीय न्याय संहितेत आली आणि चालक रस्त्यावर उतरले. अपघातानंतर थांबलो तर जमाव मारतो, निघालो तर जेल, हे त्यांचं म्हणणं. केंद्राने चर्चेचं आश्वासन दिलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम, १०६ चं दुसरं उपकलम, बाजूला ठेवलं गेलं. दोन दिवसांत अख्ख्या देशाला कळलं, आपलं दूध, भाजी, पेट्रोल कुणाच्या हातात आहे!

रात्र, ऊस आणि तुम्ही

दिवाळीनंतर सोलापूर जिल्ह्यात ऊसतोड सुरू होते. साखर कारखाने इथे इतके, की रात्रीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या रांगा. लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. समोरून येणाऱ्या कारचे हेडलाइट डोळ्यांत गेले, की नव्या ड्रायव्हरला पुढची ट्रॉली दिसते ती शेवटच्या क्षणी. लाइनवरच्या कुणालाही विचारा, भीती कशाची वाटते? भुताचं नाव कुणी घेत नाही, उसाच्या ट्रॉलीचं घेतात!

तेव्हा वाचकहो, रात्री समोरून ट्रक येताना दिसला की हेडलाइट डिपरवर घ्या. ट्रकला ओव्हरटेक केल्यावर लगेच त्याच्या नाकासमोर घुसून ब्रेक मारू नका, भरलेली गाडी कारसारखी जागेवर थांबत नाही. तुमच्या गावात ऊस वाहणारे कुणी असतील तर ट्रॉलीला मागून दिसेल असा रिफ्लेक्टर लावायला सांगा. आणि राष्ट्रीय महामार्गाचा हेल्पलाइन नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा: १०३३. बंद पडलेला ट्रक अंधारात उभा दिसला, की पुढे जाऊन सुरक्षित जागी थांबा आणि फोन लावा.